सहा नंबरचा बिल्ला

क्रॉस कंट्रीचा निकाल लावायचं काम कॉलेजात कुणी मागून घेत नाही, ते अंगावर येतं. अद्वैतच्या अंगावर ते त्याच्या स्वतःच्या जिभेनं आणलं.

विद्यापीठातल्या सगळ्या कॉलेजांच्या मुलींच्या क्रॉस कंट्री स्पर्धेचं यजमानपद यंदा सोलापुरात त्यांच्या कॉलेजकडे आलं होतं. क्रीडा विभागाचे गंगाधर सर मधल्या सुट्टीत स्टाफरूममध्ये बसून मागच्या वर्षीची हकिगत सांगत होते. मागच्या यजमानांनी शर्यत संपवणाऱ्या प्रत्येक मुलीच्या हातात क्रमांकाची कागदी चिठ्ठी ठेवली होती. मुलींनी ती मुठीत घट्ट आवळली, घामानं तिचा लगदा झाला, आणि मग पाच जणी "मीच तिसरी" म्हणून टेबलासमोर उभ्या राहिल्या. निकाल जाहीर होईपर्यंत त्यातल्या एकीचं लग्न झालं होतं.

सगळे हसले. अद्वैत हसला नाही. तो भौतिकशास्त्राचा एम.एस्सी., तासिका तत्त्वावर शिकवणारा, आणि मोजमापाच्या बाबतीत त्याला विनोद चालत नसे.

"सर, यात अवघड काय आहे?" तो म्हणाला. "पद्धत नीट असेल तर चहा निवायच्या आत निकाल देता येतो."

निवृत्तीला टेकलेल्या गंगाधर सरांनी समोरची फाइल मिटली आणि ती हळूच अद्वैतच्या बाजूला सरकवली. "देवासारखे भेटलात," ते म्हणाले.

काम खरोखरच अवघड नव्हतं. पहिल्या सहा मुली विद्यापीठाच्या संघात जाणार. सांघिक ढालीसाठी प्रत्येक कॉलेजच्या पहिल्या चार मुलींच्या क्रमांकांची बेरीज करायची. ज्यांची बेरीज कमी, त्यांना ढाल. एवढं तिसरीतल्या पोरालाही कळतं. संस्थेचे अध्यक्ष बापूसाहेब यांना मात्र ते कळेना.

"कमी गुण मिळवणारा पहिला?" नियोजनाच्या बैठकीत त्यांनी विचारलं. "मग जे कॉलेज आलंच नाही त्याचे गुण शून्य. त्याला ढाल द्यायची का?"

प्रश्न वेडगळ होता, पण तर्काला धरून होता, आणि असल्या प्रश्नांना भर बैठकीत उत्तर देता येत नाही.

त्याच आठवड्यात राजशेखर कॉलेजात आले. त्यांचं मार्केट यार्डात भुसाराचं दुकान. मुलगी सिद्धेश्वरी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला, अद्वैतच्याच वर्गात. ती पहाटे पळायला जायची, आणि राजशेखरांना ते पटत नव्हतं. पण पोरीला नाही म्हणणं त्याहून पटत नव्हतं. म्हणून त्यांनी व्यापाऱ्याला शोभेल असा सौदा केला होता.

"सर, निकाल तुमच्याकडं हाय म्हणं. सरळ सांगतो. पैल्या सहात आली तर विद्यापीठाकडनं खुशाल पळू दे, मी सोता बूट घेऊन देतो. सातवी आली तर बूट माळ्यावर. सकाळचं पळणं बंद, अभ्यास आन् घर. मान्य हाय तिला."

"मान्य आहे का?" अद्वैतनं सिद्धेश्वरीकडे पाहिलं.

"मान्य आहे सर," ती म्हणाली. "फक्त मोजणारा नीट मोजणारा पाहिजे."

अद्वैतला हे वाक्य आवडलं. दोन दिवस ते त्याला आठवत राहिलं.

आता प्रश्न चिठ्ठ्यांचा. त्याला घामाला दाद न देणारं काहीतरी हवं होतं. बुटाला बांधायच्या इलेक्ट्रॉनिक चिपांचं दरपत्रक पाहून प्राचार्यांनी चष्मा काढून पुसला आणि विषय बदलला. घरी आईनं, म्हणजे प्रभाताईंनी, मुलींच्या तळहातावर मेंदीनं आकडा काढावा असं सुचवलं. मेंदी रंगायला किती वेळ लागतो, यावर मायलेकांचा वाद चालू असताना शेजारचे शिवप्पाकाका आणि पार्वतम्मा आले. काका एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले. चर्चा कशाची आहे हे न विचारता त्यात भाग घेणं हा त्यांचा स्वभाव.

"तिकीट फाडा की प्रत्येकीला," काका म्हणाले. "मी येतो. आख्खी गाडी भरली तरी माझ्या हातनं कोण सुटलं न्हाय."

"कागद भिजतो, काका."

"अय्यो, मग पितळी घ्या की!" पार्वतम्मा म्हणाल्या. "आमच्या बसूकडं हायत. देवळात चपला ठेवतो न्हवं का तो? एक बिल्ला आपल्याला, एक चपलेला. नंबर कोरलेला. पावसात भिजू दे, घामात भिजू दे, काय होत न्हाय."

कल्पना निर्दोष होती. पितळ, कोरीव आकडा, क्रमानं लावलेले. पार्वतम्मांना ती सुचावी आणि आपल्याला सुचू नये, याचं अद्वैतला थोडं वाईट वाटलं. पण विज्ञानात श्रेय दुय्यम असतं, अशी त्यानं स्वतःची समजूत घातली.

बसू हा पार्वतम्मांचा भाचा. देवळाबाहेरचा चपलांचा स्टँड त्याच्या आजोबांपासून त्यांच्या घराकडे होता. त्यानं तारेत ओवलेली बिल्ल्यांची माळ अद्वैतच्या हातात दिली. "मोजून घ्या सर. साठ हायत. सोमवारच्या आत पायजेत, सोमवारी गर्दी लई असती."

अद्वैतनं मोजले. साठ. त्यानं पुन्हा उलट्या बाजूनं मोजले. साठ. शर्यतीला चोपन्न मुली होत्या. म्हणजे सहा शिल्लक. समाधानानं त्यानं माळ पिशवीत ठेवली.

मार्गाचं काम गंगाधर सरांकडे होतं, पण अद्वैतला मोबाइलवरचं अंतर पटेना, म्हणून तो सायकलच्या चाकाला लाल चिंधी बांधून फेरे मोजत कॅनॉलच्या कडेनं निघाला. वाटेत कुत्री मागे लागली आणि काही फेरे मोजायचे राहिले. ते त्यानं अंदाजानं धरले, ही गोष्ट त्यानं कुणाला सांगितली नाही. कॅनॉलच्या कडेचा रस्ता पाटबंधारे खात्याचा, असं ग्रामपंचायत म्हणाली. तो ग्रामपंचायतीचा, असं पाटबंधारे खातं म्हणालं. दोघांनीही परवानगी द्यायला नकार दिला, कारण रस्ता त्यांचा नव्हताच. शेवटी गंगाधर सर म्हणाले, "रस्ता कुणाचाच नाही, म्हणजे परवानगी लागत नाही," आणि अर्ज फाइलला लावून मोकळे झाले. आदल्या दिवशी मार्गावर चुन्याच्या फक्कीचे बाण मारले, ते संध्याकाळी मेंढ्यांच्या कळपानं पुसले. सकाळी पुन्हा मारले.

रविवारी शर्यत लागली. थंडी होती, दोन्ही बाजूंना ज्वारी कमरेच्या वर आलेली, आणि मंडपात बापूसाहेबांचं स्वागत चालू. अद्वैतची तयारी चोख होती. शेवटच्या रेषेपुढे दोऱ्यांची चिंचोळी गल्ली, म्हणजे मुली एकीमागे एक येतील. गल्लीच्या तोंडाशी हातात घड्याळ घेऊन तो स्वतः. शेवटी माळ घेऊन शिवप्पाकाका, खांद्याला जुनी चामडी बॅग अडकवून. बॅगेत काही नव्हतं, पण तिच्याशिवाय हात चालत नाही असं ते म्हणाले. आणि शंका राहू नये म्हणून स्टँडवर चालू करून ठेवलेला मोबाइल.

पहिल्या मुली ज्वारीतून बाहेर आल्या तसा एकच गलका झाला. काका तारेतून बिल्ला ओढत होते, मुलीच्या हातावर ठेवत होते, "पुढं चला, पुढं चला, आत जागा हाय" म्हणत होते. एकही चूक झाली नाही. बिल्ले टेबलावर गेले, मुलींच्या छाती-पाठीवरचे नंबर त्यांच्यासमोर अद्वैतच्या लॅपटॉपमध्ये चढले, आणि गंगाधर सरांनी मुद्दाम आणून ठेवलेल्या कपातून वाफ येत असतानाच निकाल तयार झाला.

अद्वैतनं कपाला हात लावला. गरम. त्यानं माईक घेतला.

पहिल्या पाच मुलींची नावं टाळ्यांत वाचली गेली. पाचवी टेंभुर्णीची. सहाव्या ओळीवर तो अडखळला. ओळ कोरी होती. "सहाव्या मुलीनं बिल्ला जमा केलेला नाही, तिनं टेबलाकडे यावं. सातवी, सिद्धेश्वरी," असं म्हणून तो ढालीकडे वळला. ढाल त्यांच्याच कॉलेजला. त्यांची बेरीज चाळीस, करमाळ्याच्या संघाची एकेचाळीस.

"एक कमी पडला," बापूसाहेब खेदानं म्हणाले. मग गंगाधर सरांनी कानात सांगितल्यावर त्यांनी ढाल स्वीकारली, पण चेहऱ्यावरून ती त्यांना कुणीतरी उपकार म्हणून दिल्यासारखी वाटत होती. भाषणात ते म्हणाले की कमी गुण मिळाले तरी खचून जायचं नसतं.

टेबलापाशी राजशेखर उभे होते. त्यांनी काही वाद घातला नाही. "सात म्हंजे सात," ते सिद्धेश्वरीला म्हणाले. "चल."

ती हलली नाही. "सर, मी सहावी आले."

"बिल्ला सात नंबरचा आहे," अद्वैत म्हणाला.

"माझ्यापुढं पाचच होत्या. मी मोजल्या."

"हे बघ, इतकं पळाल्यावर मेंदूला ऑक्सिजन कमी पडतो. मोजण्यात एखादी चूक होऊ शकते." हे त्यानं प्रेमानंच सांगितलं. सिद्धेश्वरीच्या नजरेवरून ते प्रेमानं पोचलं नाही.

"माझ्यापुढं टेंभुर्णीची होती. कॅनॉलपासून तिच्या पाठीवरचा नंबर एकाच पिनेवर फडफडत होता. तेवढंच बघत आले मी. आमच्या मध्ये कुणी असतं तर मला तो दिसला असता का?"

टेंभुर्णीच्या मुलीला बोलावलं. तिनं पाठ फिरवली. नंबर एका पिनेवर लोंबत होता. विद्यापीठाचे निरीक्षक चष्म्यावरून बघत म्हणाले, "पाठीचा पुरावा नियमावलीत नाही."

"व्हिडिओ आहे," अद्वैत म्हणाला, आणि सगळे मोबाइलभोवती जमले. व्हिडिओत सुरुवातीला रिकामी गल्ली होती. मग बापूसाहेब स्वागताच्या पुष्पगुच्छासह येऊन मोबाइलसमोर उभे राहिले, आणि शेवटपर्यंत तिथेच राहिले. त्यांचं जाकीट फार स्पष्ट आलं होतं.

तोवर सहावी जागा रिकामी आहे ही बातमी मैदानभर झाली होती. रिकाम्या जागेचा एक गुण असतो, तिच्यावर बसायला माणसं येतात. एका कॉलेजचे व्यवस्थापक म्हणाले, सहावी आमचीच, तिला उलटी झाली, त्यात बिल्ला पडला. दुसऱ्या कॉलेजचे म्हणाले, सहावी आमची, ती बिल्ला घेऊन एसटीनं गावाला गेली, घरी कार्य आहे. गंगाधर सर ज्वारीच्या कडेला वाकून बिल्ला शोधायला लागले. त्यांच्या मागून आणखी चार प्राध्यापक वाकून निघाले. बापूसाहेबांनी विचारलं, "खुरपणी काढली काय?"

इकडे निरीक्षक निकाल विद्यापीठाच्या पोर्टलवर भरायला बसले. पाच नावं भरली आणि पोर्टल थांबलं. लाल अक्षरांत आलं: सहावा क्रमांक भरणे अनिवार्य आहे.

"कोरं चालत नाही," निरीक्षक म्हणाले. "आज संध्याकाळी सहाच्या आत भरलं नाही तर कुणाचीच निवड होत नाही. त्या उलटीवाल्या मुलीचं टाकू का? निदान तिची तब्येत खरी वाटते."

"सातवीचं नाव वर घेतलं तर?" अद्वैतनं विचारलं.

"बिल्ला सातचा आहे ना? तुमचीच पद्धत. तुमचंच पितळ."

अद्वैतला ते लागलं. कारण ते बरोबर होतं. त्यानं काकांकडे पाहिलं. "काका, सहा नंबर कुणाला दिला?"

"नंबर कोण बघतंय?" काका म्हणाले. "कंडक्टर पॅसेंजर बघतो. एकीला एक दिला. दोन कुणाला दिले न्हाईत, बिगर बिल्ल्याची कुणी सोडली न्हाय. नोकरीत माझ्यावर एक रिपोर्ट न्हाय, विचारा डेपोत."

राजशेखर पुन्हा म्हणाले, "चल गं." या खेपेला आवाज मऊ होता, आणि त्यामुळेच सिद्धेश्वरीचे डोळे भरले. तिनं बुटाची नाडी सोडायला हात घातला. खाली वाकूनच ती म्हणाली, "सर, प्रॅक्टिकलला तुम्हीच सांगता ना? वाचन विचित्र आलं तर आधी उपकरण तपासा. झीरो एरर बघा. मुलांना दोष देऊ नका."

अद्वैत हे वाक्य वर्षातून निदान सहा वेळा, सहा बॅचेसना सांगत असे. ते आपल्याला कुणी सांगेल असं त्याला कधी वाटलं नव्हतं.

त्यानं टेबलावरचे बिल्ले एका बाजूला ओतले. काकांच्या तारेवर उरलेले काढून त्यात घातले. मोजले. साठ.

साठ आणले होते, साठ परत आले होते. म्हणजे हरवलेलं काहीच नव्हतं. मग, आयुष्यात पहिल्यांदाच, त्यानं ते वाचले. एक, दोन, तीन, चार, पाच, सात. आणखी पुढे: एकोणीस, वीस, चोवीस. शेवटचा बिल्ला चौसष्ट नंबरचा होता.

तेवढ्यात बसू सायकलवरून आला. माळ न्यायला तो वेळेच्या आधीच निघाला होता, कारण मावशीच्या ओळखीवर त्याचा विश्वास असला तरी प्राध्यापकांवर नव्हता.

"बसू, सहा नंबरचा बिल्ला कुठाय?"

"सहा? सहा कवाच गेला की. आज्याच्या टायमाला. कोण तरी घेऊन गेलं."

"आणि एकवीस, बावीस, तेवीस?"

"ते एकाच घरचे असणार. दर्शन केलं, चपला घेतल्या, बिल्ले खिशात तसंच."

"मग त्या नंबरचे नवीन का नाही पाडले?"

बसूनं त्याच्याकडे दयेनं पाहिलं. "असं कसं सर? उद्या तो माणूस सहा नंबर घेऊन आला तर? एका नंबरावर दोन जोड. भांडणं लागत्यात. गेलेला नंबर गेला. पुढचा पाडायचा. म्हणून चौसष्ट."

चपलांच्या बाबतीत ही पद्धत निर्दोष होती. अद्वैतनं मनातल्या मनात तिच्यात खोट काढायचा प्रयत्न केला. निघाली नाही. खोट दुसरीकडे होती: मोजणं वेगळं आणि वाचणं वेगळं, आणि त्यानं फक्त मोजलं होतं.

तो पुन्हा लॅपटॉपकडे बसला. सहानंतरची प्रत्येक मुलगी एक पायरी वर आली. वीस नंबरच्या पुढच्या तर चार पायऱ्या. आणि मग त्याच्या लक्षात आलं की ढालही हलली आहे. करमाळ्याची चौथी मुलगी बरीच मागे, एकोणतीस नंबरच्या बिल्ल्यावर होती. ती पंचविसावी निघाली. नवी बेरीज: करमाळा छत्तीस. त्यांचं कॉलेज सदतीस.

ढाल मंडपात बापूसाहेबांच्या मांडीवर होती. बापूसाहेब ढालीसकट फोटो काढून घेत होते.

गंगाधर सरांनी आकडे पाहिले आणि आवाज खाली आणला. "फक्त सहावी आणि सातवी दुरुस्त केली तर? ढालीचं कोण बघतंय?"

अद्वैतची तासिका बापूसाहेबांच्या सहीनं दर वर्षी नव्यानं मिळत असे. पण अर्धं दुरुस्त केलेलं मोजमाप त्याला न मोजल्यापेक्षा वाईट वाटे. त्यानं माईक घेतला.

"निकालात चूक झाली आहे," तो म्हणाला. "बिल्ल्यांत सहा हा आकडाच नाही. चूक माझी आहे. मी बिल्ले मोजले, वाचले नाहीत." मैदानात हसण्याची एक लाट आली. मागच्या बाजूनं कुणीतरी ओरडलं, "सर, चहा तापवून आणू का?" तो थांबला नाही. "सहावी, सिद्धेश्वरी. सांघिक ढाल करमाळ्याला. त्यांचे छत्तीस, आपले सदतीस."

करमाळ्याच्या मुलींनी आरडाओरडा केला. सगळ्यांच्या नजरा बापूसाहेबांकडे गेल्या. बापूसाहेब उठले. ढाल दोन्ही हातांत घेऊन ते माईकपाशी आले, आणि अद्वैतनं डोळे मिटून घेतले.

"आपले किती म्हणालात?"

"सदतीस."

"त्यांचे छत्तीस." बापूसाहेबांचा चेहरा सकाळपासून पहिल्यांदाच खुलला. त्यांनी ढाल करमाळ्याच्या कर्णधाराच्या हातात दिली आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला. मग माईकवर म्हणाले, "आपले गुण जास्त असूनही ढाल पाहुण्यांना देतोय. सोलापूरची ही रीत आहे." टाळ्यांचा कडकडाट झाला. गंगाधर सर अद्वैतच्या दंडाला घट्ट धरून उभे होते. "एक शब्द बोलू नका," ते दातांतून म्हणाले.

पोर्टलनं सहावं नाव मुकाट्यानं घेतलं.

राजशेखर टेबलापाशी आले. सात नंबरचा बिल्ला उचलून त्यांनी तळहातावर जोखला, दुकानात ज्वारीचा नमुना जोखतात तसा. "म्हंजे माप खोटं होतं," ते म्हणाले. "माल न्हाय."

"हो," अद्वैत म्हणाला.

"मग शब्द म्हंजे शब्द. चल गं, नाडी बांध. बुटाचं दुकान उघडं आसंल."

"अप्पा, आजच?"

"उद्या माझा इचार बदलला तर?"

सिद्धेश्वरी नाडी बांधून उठली. अद्वैतकडे बघून ती हसली नाही, पण म्हणाली, "सर, वाचन दुसऱ्यांदा घेतलं म्हणून थँक्यू." त्याला ते पुरलं.

तिकडे बसू बिल्ले तारेत ओवत होता. ओवून झाल्यावर त्यानं माळ मोजली, थांबला, परत मोजली. "सर, एक कमी हाय. एकुणसाठ भरत्यात." त्यानं माळेवरून बोट फिरवलं. "सात न्हाय."

अद्वैतनं राजशेखरांकडे पाहिलं. राजशेखर लेकीबरोबर फाटकाकडे निघाले होते. शर्टाच्या खिशावर त्यांनी पालथा हात ठेवला होता आणि ते कॅनॉलच्या दिशेला असं काही बघत होते, जसं तिथं आज पहिल्यांदाच पाणी आलंय.

अद्वैतकडे निरीक्षण होतं, पुरावा होता, अनुमान निघत होतं. त्यानं बराच विचार केला.

"हरवला असेल," तो म्हणाला.

"चालतंय," बसू म्हणाला. "पण आता सात बाद. पासष्ट पाडायला लागतोय."

पुढं एका सोमवारी अद्वैत प्रभाताईंना घेऊन देवळात गेला. गर्दी लई होती. बसूनं दोघांच्या चपला एका खणात सारल्या आणि त्याच्या हातावर बिल्ला ठेवला. बाकीचे सगळे झिजून काळपटलेले. हा नवाकोरा, उन्हात चकाकणारा.

"चल की, आरती होईल," प्रभाताई म्हणाल्या.

"थांब," अद्वैत म्हणाला. त्यानं बिल्ला मोजला. एक. मग तो दोन्ही बाजूंनी नीट वाचला, आणि खिशात ठेवला.